फळ्यावर लिहिण्याआधी

प्रिय पोरी,

ठाण्याच्या आपल्या सोसायटीच्या गेटजवळचा फळा आता तू लिहितेस हे कळलं आणि फार बरं वाटलं. मी नेरुळला राहायला आल्यापासून त्यावर टँकरच्या वेळा आणि मेन्टेनन्सची थकबाकी एवढंच दिसतं, असं ऐकत होते. तू माझ्याकडे 'आयुष्यावरची चांगली वाक्यं' मागितलीस, महिनाभर पुरतील एवढी. वाक्यं पाठवत नाही. ती कशी निवडायची ते सांगते, म्हणजे मग तुला माझ्याकडे मागायची वेळ येणार नाही.

मोबाईलवर येणारे सुविचार शक्यतो उचलू नकोस. त्यांच्याखाली कुणातरी थोर माणसाचं नाव चिकटवलेलं असतं आणि त्या बिचाऱ्याने ते कधी म्हटलेलंच नसतं. शिवाय सगळे सांगतात एकच, असे वागा. हसत राहा, माफ करा, मोठी स्वप्नं बघा. ठाणे स्टेशनवर फास्ट लोकल पकडायला धावणाऱ्याने त्याचं काय करायचं? त्यापेक्षा म्हणी घे. बहुतेक म्हणी असं सांगत बसत नाहीत. माणूस वागतो कसा, ते त्यांनी आधी डोळे उघडे ठेवून पाहिलेलं असतं. 'नाचता येईना, अंगण वाकडे' यात उपदेशाचा एक शब्द नाही, तरी वाचणारा मनातल्या मनात स्वतःचं अंगण तपासून घेतो.

1899 साली आल्फ्रेड मॅनवेरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा मोठा संग्रह ऑक्सफर्डहून छापला. त्यात म्हणी विषयवार लावल्या आहेत, शेतीच्या, जनावरांच्या, खाण्यापिण्याच्या. तो चाळताना कळतं की आपल्या पणज्यांनी माणसाचा स्वभाव गोठ्यात आणि चुलीपाशी ओळखला. म्हणून म्हण निवडताना एवढं बघ की तिच्यात हाताला लागेल अशी एखादी वस्तू आहे का. मीठ, शितं, सुंभ, काहीही.

मिठावरून सांगते. 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण मला सगळ्यांत खोल वाटते. दोन बायकांचं घर. नावडतीनेही तेच मीठ तेवढंच घातलं, पण नवऱ्याला आमटी अळणी लागते. आपल्या खाडीच्या कडेला, मुलुंड-भांडुपच्या बाजूला, जुनी मिठागरं आहेत ना? भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, खाली उरतं ते मीठ. त्या वाफ्यांत आवडतीचं वेगळं आणि नावडतीचं वेगळं पिकत नाही. घास तोंडात जायच्या आधीच निकाल लागलेला असतो. आता आपल्या जिन्यात बघ. झाडूपोछा करणारी बाई बदलली की नवीला पहिले दोन महिने नुसती बोलणी. फरशी तीच, फिनेलची बाटली तीच. जुनीच्या वेळीही मधल्या वळणाच्या कोपऱ्यात पानाचे डाग होतेच, पण ते नवी आल्यावर दिसायला लागले. तुझ्या ऐरोलीच्या ऑफिसातही हेच चालत असणार. एकाच्या रिपोर्टातली चूक 'राहून गेली' असते, दुसऱ्याच्या रिपोर्टातली तीच चूक 'हा नेहमीचाच' ठरते. अशा वेळी ही म्हण आठवावी आणि आधी आपली जीभ तपासावी. माणसं ओळखायला मला जेवढा या तीन शब्दांचा उपयोग झाला, तेवढा कुठल्याही शिबिराचा झाला नाही.

पण इथेच एक धोका आहे आणि तो मला तुला नीट सांगायचाय. फळा म्हणजे लेकी बोले सुने लागे करायची आयती जागा. रात्री पार्किंगवरून कुणी आवाज चढवला आणि सकाळी फळ्यावर 'उथळ पाण्याला खळखळाट फार' लागलं, तर सगळ्या सोसायटीला कळतं ते कुणासाठी आहे. तो माणूस मान खाली घालून गाडी काढतो, पण मनातून कायमचा तुटतो. भांडण झालं त्या आठवड्यात त्या विषयाची म्हण लावायचीच नाही, हा नियम कर.

म्हण कुणी, कुणाला, कधी म्हटली यावर तिचा सगळा अर्थ ठरतो. 'घरोघरी मातीच्या चुली' घे. एखादी बाई लिफ्टपाशी थांबून, धीर करून सांगते की मुलगा पिऊन येतो, परवा हात उगारला. ऐकणारी म्हणते, 'अहो, घरोघरी मातीच्या चुली,' आणि बटण दाबते. दार बंद. त्या बाईने पुन्हा कुणापाशी तोंड उघडायचं नाही, याची सोय त्या तीन शब्दांनी केली. तीच म्हण दुसरी कुणी तिला घरात नेऊन, चहा टाकून, 'आमच्याकडेही दिरांचं असंच होतं बघ, आम्ही काय काय केलं ते सांगते,' असं सांगत म्हणाली, तर त्या बाईला वाटतं, आपण एकट्या नाही. आज ठाण्याच्या टॉवरमध्ये मातीची चूल औषधालाही सापडणार नाही, पाइपचा गॅस आलाय, तरी म्हण जिवंत आहे ती या दुसरीसारख्या बायकांमुळे. तू दुसरी हो. कुणी दुःख सांगायला आलं की पहिल्या पाच मिनिटांत एकही म्हण तोंडातून काढू नकोस.

काही म्हणी तर फळ्यावर आणूच नकोस. जातीवरच्या, बायकांच्या अकलेवरच्या, आंधळ्या-लंगड्यांवरच्या. त्याही खूप आहेत आणि घडवल्यात हुशारीने, हे मी नाकारत नाही. पण त्या गेटातून कुबडी घेऊन येणारं माणूसही तो फळा वाचतं. जुनं आहे म्हणून सगळंच जपायला हवं असं मला वाटत नाही.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' हीसुद्धा जपून लाव. ज्याने स्वतःचे पाय आखडून पाहिलेत त्याने ती म्हणावी. हप्ते भरून थकलेल्या माणसाला ती सकाळी सकाळी दाखवायची गरज नाही. एकमेकींच्या उलट म्हणीही भेटतील, 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' आणि 'पाचामुखी परमेश्वर'. गोंधळू नकोस, दोन्ही खऱ्या आहेत, वेळ वेगळी.

ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1893 पासूनचं. एखाद्या शनिवारी तिथे दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश, म्हणजे म्हणी-वाक्प्रचारांचा कोश, मागून बघ. सलग वाचू नको, कुठलंही पान उघड. अडखळायला होईल अशी म्हण सापडली की तिचा अर्थ वॉचमनकाकांना विचार. ते घाटावरचे आहेत, कोशात नसलेलं सांगतील. मला त्यांच्याकडूनच खूप मिळालंय.

अक्षर मोठं काढ. तळमजल्यावरचे आजोबा गॅलरीतूनच वाचतात. आणि या आठवड्यात काय काय लावलंस त्याचे फोटो पाठव, पुढचं मग फोनवर बोलू.

तुझी,
काकू