तलावात हवेची घसरगुंडी बांधण्याआधी

प्रश्न : माझं शेत मामा तलावाला (माजी मालगुजारी तलावाला) लागून आहे. उन्हाळ्यात हवा भरायची तरंगती घसरगुंडी तलावात बांधून तिकीट लावावं म्हणतो. परवानगी कोणाची? (साकोली तालुका)

शेत तुमचं, पाणी सरकारचं. जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० तेच सांगतं. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की जलसंपदा विभागाकडे हे आधी पाहा आणि त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, पण नुसत्या ठरावावर भागत नाही. सरपंच ‘लाव गा, मी आहो ना’ म्हणतील. पंचनाम्यात मात्र नाव तुमचंच येतं.

प्रश्न : आमच्या मच्छीमार संस्थेकडे तलावाचा ठेका आहे. एका हॉटेलवाल्यानं न विचारता मधोमध हवेची गादी बांधली. रात्री डोंगा दोरात अडकून जाळं फाटलं. उलट तोच भरपाई मागतो.

परवानगी नसेल तर त्याची बाजू लंगडी आहे. नावा चालतात त्या वाटेत अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. जाळ्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत, त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागेल. दोर कुठे बांधला होता, रात्री दिसेल असा दिवा होता का, याचे फोटो आजच काढा. रागात गादी कापू नका. मग नुकसानीचं प्रकरण तुमच्यावरच शेकेल.

प्रश्न : ‘आपल्या जबाबदारीवर खेळा’ असा बोर्ड लावला तर मालक सुटतो का?

नाही. तिकीट घेतलं की ती सेवा झाली, आणि ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. निष्काळजीपणानं कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बोर्डापेक्षा दोराकडे लक्ष द्या. एकाच दोरावर बांधलेलं खेळणं वावधान सुटलं की गरागरा फिरतं आणि काठच्या दगडांवर आपटतं. चारही कोपरे बांधा, तळाशी सिमेंटचं वजन सोडा. रेतीचं पोतं गाळावरून सरकतं. सांडव्याच्या कठड्याला किंवा गेटला दोर अडकवायचाच नाही. उन्हाळ्यात पाणी रोज उतरतं, दोर सैल पडतो आणि पोहणाऱ्याचा पाय त्यातच गुंततो, म्हणून सकाळी तो आवळून घ्या. हवाही सकाळी टच्च भरू नका, आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात ती फुगते आणि शिवण उसवते. आभाळ भरून आलं तर आधी लेकरं बाहेर, खेळणं मागून.

प्रश्न : पोरं ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन वैनगंगेत उतरतात. त्यालाही लायसन लागतं का?

ट्यूबला नाही. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मधली नोंदणी, तपासणी आणि विम्याची सक्ती यंत्रावर चालणाऱ्या नौकांना आहे. पण गोसेखुर्द धरणाच्या खाली, गेट उघडले की पाणी बघता बघता चढतं, आणि रेती उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत. ट्यूब हातातून निसटली की आधार गेला. लाइफ जॅकेट अंगाला बांधलेलं असतं, ते घालूनच पाठवा. आणि गेट सुटणार असल्याची दवंडी असेल त्या दिवशी पाठवूच नका.