भावंडांसोबत जुन्या वाटांवर सायकलने निघताना

पहिल्यांदाच भावंडांना घेऊन लहानपणीच्या वाटांवर निघताय, तर ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका. पायांत जोर असला तरी थांबे खूप होतात. प्रत्येक वळणावर कुणाला तरी काहीतरी आठवतं. आणि थांबायलाच हवं! सीटची उंची आदल्या दिवशीच बघा: पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. कच्च्या वाटेवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, हादरे कमी बसतात. जाताना वारा समोरून घ्या, म्हणजे परतताना दमलेल्या पायांना तोच ढकलतो. सगळ्यात हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा. आम्ही धाकटीला मागे सोडलं होतं; ओढ्याच्या उतारावर तिची चेन पडली आणि काळ्या हातांनी ती एकटीच झगडत बसली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.