चेंडू सुटतो तेव्हा तू कुठे असतोस?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ड्राफ्टच्या, म्हणजे टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, सातही फेऱ्या संपल्या, तुझं नाव कुणी पुकारलं नाही आणि त्यानंतर थोड्याच वेळात एजंटचा फोन आला, हे तुझ्या आईकडून कळलं. अनड्राफ्टेड म्हणून का होईना, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या एका टीमच्या कॅम्पमध्ये रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, म्हणून शिरकाव झाला. मनापासून अभिनंदन. तू मराठी सावकाश वाचतोस, तेव्हा हे पत्र आई-बाबांना शेजारी बसवून वाच. त्यांच्यासाठी म्हणून तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टीही फोडून लिहिल्या आहेत. कंटाळू नकोस.

आधी पैशांचं बोलतो, कारण घरी पेढे वाटून झाले असतील. अनड्राफ्टेड खेळाडूचा करार तीन वर्षांचा असतो, पण त्यातली फारच थोडी रक्कम पक्की असते. २०२५ च्या मोसमात नवख्याचा किमान पगार ८,४०,००० डॉलर होता. तो मिळतो मुख्य यादीतल्या ५३ जणांना, आणि तोही मोसम सुरू झाल्यावर. कॅम्पमध्ये ९० जण असतात आणि तिथे मिळतो तो नुसता भत्ता. ऑगस्ट संपता संपता ३७ जणांना यादीतून काढलं जातं. तेव्हा बाबा, गाडीच्या शोरूमकडे एवढ्यात फिरकू नका. आणि तू घर घेशील ते महिन्याच्या बोलीवर घे.

आता खेळाबद्दल. कॉलेजमध्ये तू मोकळा व्हायचास, क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, दिसायचास आणि मग तो फेकायचा. इथे तो तू मोकळा दिसेपर्यंत थांबला, तर तोवर तुला अडवणारा कॉर्नरबॅक येऊन पोहोचलेला असतो. त्यामुळे चेंडू त्याच्या हातून सुटतो तेव्हा बऱ्याचदा तू वळलेलाही नसतोस. ठरलेल्या क्षणी तू जिथे असायला हवास, तिथे तो फेकतो. बारा यार्डांचा डिग (सरळ पळून आत वळणं) म्हणजे बाराच यार्ड. अकरावर वळलास की सगळा हिशेब चुकला. चेंडू समोरच्या टीमच्या हातात गेला तर इंटरसेप्शन लागतं क्वार्टरबॅकच्या नावावर. तो तुला काही बोलणारही नाही. पुढच्या वेळी तुझ्या बाजूला बघणार नाही, एवढंच.

त्यात पुन्हा रूट, म्हणजे पळायची ठरलेली वाट, एकच राहत नाही. कॉर्नरबॅक अंगावर येऊन उभा असेल तर सरळ पळायचं, मागे सरकून उभा असेल तर तोच रूट तोडून परत यायचं, ब्लिट्झ आली, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं धावून आली, तर तिसरंच काही. हे सगळं धावता धावता ओळखायचं, आणि क्वार्टरबॅकने जे ओळखलं तेच ओळखायचं. बाबांना हे पटकन समजेल: जुनी जोडी खेळपट्टीवर असली की हाक न देता एकेरी धाव निघते ना, तसं. फरक एवढाच की इथे पहिल्या पाच यार्डांत समोरच्याला तुला ढकलायची मुभा आहे.

म्हणून वेगाचं फार कौतुक करून घेऊ नकोस. २०१७ चा ड्राफ्ट आठव. जॉन रॉसने इंडियानापोलिसला ड्राफ्टआधीच्या चाचणीत ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पार केले. तो विक्रम २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ धावून मोडेपर्यंत टिकला. सिनसिनाटी बेंगल्सनी रॉसला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल नाही. दुखापतींनीही त्याचा पिच्छा सोडला नाही, हे मान्य करायला हवं. त्याच ड्राफ्टमध्ये ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या विद्यापीठाचा कूपर कप ४.६२ धावला आणि तिसऱ्या फेरीत ६९ वा निवडला गेला. २०२१ मध्ये झेल, झेलांतून मिळालेले यार्ड आणि टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला: १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन. त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. समोर होते बेंगल्स! कपचे जुने सामने काढून बघ. झेल बघू नकोस, झेलाआधीची पावलं बघ. सरळ पळायचं असो की आत वळायचं, पहिली काही पावलं हुबेहूब सारखी पडतात. कॉर्नरबॅकला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, क्वार्टरबॅकला मात्र सुरुवातीपासून माहीत असतं.

तुझ्या हातांबद्दल मला शंका नाही, पण दोन गोष्टी अंगात मुरायला वेळ लागेल. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात. जमार चेस २०२१ च्या सरावसामन्यांत एकामागून एक झेल सोडत होता आणि पट्टे नसल्यामुळे चेंडू नीट दिसत नाही म्हणाला, तेव्हा लोक हसले. मोसम सुरू झाल्यावर त्याने १,४५५ यार्ड काढले आणि हसणारे गप्प झाले. चेंडू फेकणाऱ्या मशीनसमोर आत्तापासून उभा राहा, आणि चेंडू एनएफएलचाच वापर. दुसरी गोष्ट पायांची. कॉलेजमध्ये रेषेच्या आत एक पाऊल पडलं की झेल धरला जायचा, इथे दोन्ही लागतात. कडेला झेल घेताना मागचा पाय ओढत आणायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते, कारण शरीर आपसूक एकाच पायावर थांबतं.

झेल सुटतील. गर्दी हुर्यो करेल. दवान्ते ॲडम्सच्या दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, ग्रीन बेचे चाहते त्याच्यावर वैतागले होते. त्या अख्ख्या मोसमात त्याचा टचडाउन एकच. पुढच्या वर्षी बारा. तू मोबाइलवरच्या सोशल मीडियाच्या ॲप्सना सुट्टी दे, बाकी काही करायची गरज नाही.

पाचव्या-सहाव्या रिसीव्हरची जागा कशी ठरते ते नीट समजून घे, कारण तू त्याच जागेसाठी लढणार आहेस. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी जास्तीत जास्त ४८ जण खेळायला उपलब्ध असतात. चेंडू फार कमी वेळा येणाऱ्या रिसीव्हरला त्या ४८ मध्ये घ्यायचं तर तो पंटच्या वेळी (चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना देतात तेव्हा) धावत जाऊन समोरच्याला पाडणारा हवा, किकऑफला (खेळ सुरू करणाऱ्या लाथेला) उपयोगी हवा, आणि रनच्या वेळी, म्हणजे आपला माणूस चेंडू घेऊन पळतो तेव्हा, ब्लॉक करताना अंग चोरणारा नको. ॲडम थीलन मिनेसोटा स्टेटसारख्या डिव्हिजन टूच्या, म्हणजे दुसऱ्या स्तरावरच्या, विद्यापीठातून २०१३ मध्ये व्हायकिंग्जकडे चाचणीला आला. पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे सरावापुरत्या राखीव यादीत, गेलं. दुसऱ्या वर्षी त्याने कॅरोलायनाविरुद्ध पंट अडवला आणि तोच चेंडू उचलून टचडाउन केला. रिसीव्हर म्हणून त्याचं नाव व्हायला आणखी दोन वर्षं लागली. २०१८ मध्ये मोसमाच्या पहिल्या आठही सामन्यांत त्याने शंभर यार्डांचा टप्पा गाठला. लोकांना हे आठ सामने आठवतात, मला तो पंट जास्त आवडतो.

स्पेशल टीम्सच्या, म्हणजे पंट-किकऑफला उतरणाऱ्यांच्या, बैठकीत पहिल्या रांगेत बस. रिसीव्हरच्या एक्स, झेड (दोन्ही बाहेरच्या) आणि स्लॉट (आतली) या तिन्ही जागांचं प्लेबुक, म्हणजे चालींची वही, पाठ कर. आपली जागा तेवढी शिकायची ही चैन पहिल्या फेरीत निवडलेल्यांना परवडते. कॅम्पमध्ये कुणाची मांडी आखडली तर कोच तुझ्याकडे वळून विचारणार, ‘झेडला उभा राहशील?’ तिथे क्षणभर चाचरलास तर संधी दुसऱ्याला गेली. रिसीव्हर्सच्या कोचशी सलगी करू नकोस, पण प्रश्न विचारत राहा. यादी ठरवायच्या बैठकीत तुझी बाजू मांडणारा बहुधा तो एकटाच असेल. संजय लाल या भारतीय वंशाच्या माणसाने रेडर्स, जेट्स, काउबॉइज अशा टीम्सच्या रिसीव्हर्सना शिकवलं, हे बाबांना सांग. ‘या खेळात आपलं कोण आहे’ हे त्यांचं पालुपद जरा थांबेल.

शरीराचं म्हणशील तर हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, हा रिसीव्हरचा कायमचा वैरी. दुखापतीवरच्या उपचारांच्या टबात बसून टीममध्ये जागा मिळत नाही, असं कॅम्पमध्ये ऐकशील. किरकोळ दुखण्यांपुरतं ते खरं आहे. डोक्याच्या माराबाबत ते साफ खोटं आहे. मैदानाच्या कडेला टीमशी संबंध नसलेला मेंदूविकारांचा डॉक्टर मुद्दाम ठेवलेला असतो, त्याच्यापासून काही लपवायचं नाही. तिथे वीरश्री दाखवलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आई, हे तुम्हीही त्याला बजावा.

काढलं तर काय, हेही आत्ताच ठरवून ठेव. नाव वेव्हरवर, म्हणजे सोडलेल्यांच्या यादीत, जातं, तुला उचलायला दुसऱ्या टीम्सना साधारण चोवीस तास मिळतात. कुणी उचललं नाही तर प्रॅक्टिस स्क्वॉडच्या जागा असतात. २०२५ मध्ये तिथे नवख्याला आठवड्याला १३,००० डॉलर मिळत. तिथून मोसमात तीन वेळा सामन्यापुरतं वर घेता येतं, आणि दुसरी कुठलीही टीम तुला थेट आपल्या ५३ मध्ये घेऊ शकते. त्यामुळे काढलं त्या दिवशी विमान पकडून घरी येऊ नकोस. फोन चालू ठेव, एजंटच्या संपर्कात राहा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा धाव.

मे महिन्यातला मिनीकॅम्प झाला की कळव, तुला बाहेर उभं केलं की स्लॉटमध्ये, आणि पंटच्या वेळी कुठे ठेवलं. त्यावरून पुढचं लिहीन.

तुझा,
काका