गाळ्याची किंमत कोणाकडून काढून घ्यावी?

प्रश्न : नाशिकच्या बाजारपेठेत वडिलांनी १९९४ मध्ये घेतलेले दोन गाळे आहेत. एक भाड्याने दिला आहे, दुसऱ्यात भावाचे दुकान आहे. भाऊ बँकेचे कर्ज काढून आम्हा दोघी बहिणींचे हिस्से घेणार आहे. दोन 'सरकारमान्य' व्हॅल्युअरांनी दोन्ही गाळ्यांची मिळून किंमत काढली : एकाने १ कोटी १० लाख, दुसऱ्याने १ कोटी ६५ लाख. खरे कोणाचे मानायचे?

उत्तर : 'सरकारमान्य' हा पाटीवरचा शब्द. कोणाची मान्यता आणि कोणत्या कामासाठी, हे विचारा. कंपनी कायद्याच्या कलम २४७ खालची नोंदणी आयबीबीआय, म्हणजे दिवाळखोरी मंडळ देते. ती तीन वर्गांत असते : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, रोखे व वित्तीय मालमत्ता. तुमच्या कामाला पहिलाच वर्ग हवा. आयबीबीआयच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ग दोन्ही पाहून घ्या. संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४एबी खालची नोंदणी वेगळी, ती आयकर खात्याकडची.

तुमच्याकडे कामेही एक नाही, तीन आहेत. वाटणीसाठी आजचा बाजारभाव हवा, आणि व्हॅल्युअर तिघांनी मिळून, तिघांच्या सहीच्या पत्राने नेमावा. एकट्या भावाने नेमलेल्याचा आकडा तुम्हाला पटणार नाही, मग तो कितीही बरोबर असो. कर्जासाठी बँक आपल्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरकडूनच अहवाल घेते, म्हणून आधी बँकेशी बोला, नाहीतर फी दोनदा जाईल. तिसरे काम करासाठी : खरेदी २००१ च्या आधीची असल्याने तुम्हा बहिणींना भांडवली नफा काढताना खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. मात्र त्या तारखेचे, मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीचे सरकारी मूल्य उपलब्ध असेल तर त्याहून जास्त धरता येत नाही. कोणत्या नोंदणीचा अहवाल लागेल ते सीएंना आधीच विचारा.

आता ५५ लाखांच्या फरकाकडे. दोन्ही अहवालांत पहिल्यांदा क्षेत्रफळ पाहा. एकाने कार्पेट (भिंतींच्या आतले) आणि दुसऱ्याने बिल्टअप (भिंती धरून) क्षेत्रफळ घेतले असेल, तर निम्मे भांडण तिथेच मिटते. पोटमाळा मंजूर नकाशात आहे का? नसेल आणि तरी क्षेत्रफळात धरला असेल, तर तो अहवाल बाजूला ठेवा. मग भाड्याचे गणित. समजा, भाड्याच्या गाळ्याचे महिना ६० हजार येतात, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. घरपट्टी, विमा, दुरुस्ती, गाळा रिकामा राहण्याची शक्यता असे १ लाख २० हजार वजा केले, तर ६ लाख उरतात. हे ६ लाख म्हणजे किमतीवरचा वर्षाचा परतावा धरला, तर ८ टक्के दराने त्या गाळ्याची किंमत ७५ लाख येते, ९ टक्क्यांनी सुमारे ६६ लाख ६७ हजार. एका टक्क्याने आठ लाखांवर फरक! म्हणून दर कुठून आणला, हे अहवालात लिहिलेले असलेच पाहिजे. भाडेकरूकडून घेतलेला १८ टक्के जीएसटी भाड्यात मिसळलेला नाही ना, तेही तपासा. भाडेकरू जुना, भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेला असेल, तर रिकाम्या गाळ्याचा भाव लावणे चूकच.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकाचा, दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. नुसता तोच लावून अहवाल उरकला असेल, तर ते मूल्यांकन नव्हे. जवळच्या किमान तीन व्यवहारांचे इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचे उतारे) जोडलेले हवेत. आणि हो, गाळ्यात प्रत्यक्ष येऊन टेप लावून मोजमाप केले होते का, हे भावाला विचारा. फोटोवरून केलेले अहवाल आम्हीही पाहिले आहेत.

प्रश्न : किमतीच्या टक्केवारीने फी मागितली तर द्यावी का?

उत्तर : वाटणीच्या कामात नको. किंमत फुगली की फीही फुगते. ठरावीक रक्कम, कोणत्या तारखेची किंमत, कोणत्या कामासाठी आणि किती प्रती, हे आधी लेखी घ्या. मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, भाडेकरार आणि घरपट्टीची पावती पहिल्याच भेटीत हातात द्या. ही कागदपत्रे न मागता जो आकडा सांगतो, त्याला काम देऊ नका.