साक्षीदाराच्या रकान्यात कुणाचं नाव?

(परिचारिकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत बेळगावच्या एक निवृत्त मेट्रन.)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. आमचे संमतिपत्राचे फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत छापलेले. पेशंट मात्र जांबोटी, कणकुंबीकडचे, बरेचसे फक्त मराठी बोलणारे. परवा एका बाईंची पिशवी काढायची होती. रात्रीच्या ड्युटीवाल्यांनी फॉर्मवर मुलाची सही घेऊन ठेवली होती, साक्षीदाराची जागा रिकामी होती. सकाळी मी ड्युटीवर आले तर मला सांगितलं, "तू कर सही, फॉर्म्यालिटी आहे." त्याच वेळी बाईंनी मला विचारलं, "सिस्टर, आता पुढची पाळी कधी येणार हो?" मी सही केली नाही, सरांना बोलावलं. ते चिडले, पण आले. आता सगळे मला आगाऊ म्हणतात. माझं चुकलं का?

उत्तर : नाही चुकलं. त्या बाईंचा एक प्रश्न पुरेसा होता. पिशवी काढल्यावर पाळी येत नाही, मूल राहत नाही, एवढंही ज्या बाईला ठाऊक नाही, तिची संमती मिळाली असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्या क्षणी तिच्या बाजूनं उभं राहणारं माणूस वॉर्डात तूच होतीस.

साक्षीदाराच्या सहीचा अर्थ एवढाच, की सही माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि सही करणारं माणूस शुद्धीवर, स्वखुशीनं करत होतं. जे पाहिलं नाही त्याची साक्ष द्यायची नसते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. उद्या हाच कागद ग्राहक आयोगापुढं गेला, तर वकील ड्युटी रजिस्टर मागवणार आणि विचारणार, सही रात्रीची, तुम्ही आलात सकाळी, मग पाहिलं काय?

दुसरं, मुलाची सही. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिचीच लागते. मुलगा, नवरा, दीर यांना माहिती असणं चांगलं, पण त्यांची सही तिच्या सहीची जागा घेत नाही. समीरा कोहली खटला प्रत्येक नर्सला माहीत असायला हवा. दिल्लीतली ही ४४ वर्षांची अविवाहित बाई १९९५ मध्ये दुर्बिणीनं तपासणी करायला गेली. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे, आणि आईची संमती इथं चालणार नाही, कारण जिवावर बेतलेलं नव्हतं आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं. काय करणार, का करणार, दुसरा पर्याय आहे का, धोके कोणते, केलं नाही तर काय होईल, हे पेशंटला कळलं पाहिजे, असंही त्याच निकालात आहे.

हे समजावून सांगणं डॉक्टरांचं काम. ते तुझ्या गळ्यात मारू देऊ नकोस. "सही घेऊन ठेवा" असा निरोप आला तर शांतपणे म्हण, "सर, तुम्ही सांगून घ्या, मी हजर राहते."

आपल्या सीमाभागातली खरी गाठ भाषेची आहे. डॉक्टर बागलकोट-विजयपूरकडचे, फॉर्म कन्नड, पेशंट मराठी. मग दुभाषा कोण? बहुतेक वेळा मुलगा किंवा जावई. आणि तो निम्मं गाळतो. आईला भीती वाटू नये म्हणून गाठीचं बोलत नाही, लाज वाटते म्हणून पाळीचं बोलत नाही. त्यात त्याचं प्रेमच असतं, पण बाई अंधारात राहते. म्हणून दुभाषा शक्यतो स्टाफमधला असावा. तू असशील तर डॉक्टर समोर असतानाच बोल, त्यांचं प्रत्येक वाक्य पोचव, स्वतःचं काही घालू नकोस. मग बाईंनाच विचार, "मावशी, उद्या तुमचं काय काय करणार, मला सांगा बघू." त्या म्हणाल्या, "पिशवी काढणार, पाळी बंद होणार, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही," तर समजलं. "पोटातली सूज काढणार म्हणे," असं म्हणाल्या तर परत पहिल्यापासून. केसपेपरवर लिही: मराठीतून समजावलं, दुभाषा कोण, किती वाजता, आणि पेशंटनं स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं. पुढं वाद झाला तर फॉर्मवरच्या छापील मजकुरापेक्षा या दोन ओळी कामाला येतात.

फॉर्मचं मराठी भाषांतर करून कन्नडच्या शेजारी छापून घ्या, असं व्यवस्थापनाला लेखी सुचव. माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत मिळावी, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतच आहे. आणि हे दोन्ही बाजूंनी पाळायचं. बैलहोंगल, सौंदत्तीहून आलेल्या कन्नड बाईपुढं आपली मराठी सिस्टर नुसतं बोट दाखवून "इथं सही" म्हणते, तेव्हाही तोच अन्याय होतो. मला दोन्हींचा सारखाच राग येतो.

एक अपवाद. जीव धोक्यात आहे, पेशंट बेशुद्ध, नातेवाईक पोचलेले नाहीत, तिथं सहीसाठी खोळंबायचं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० अशा वेळी सद्हेतूनं केलेल्या उपचारांना संरक्षण देतं. फक्त परिस्थिती वेळेसह लिहून ठेव.

प्रश्न : आमच्याकडे (चिकोडी) रात्री डॉक्टर नसतात, ऑर्डर फोनवर मिळते. सकाळी सर म्हणतात, "मी असं सांगितलंच नव्हतं." काय करावं?

उत्तर : ऑर्डर ऐकता ऐकता लिहायची, लिहिलेली वाचून दाखवायची, त्यांच्याकडून "बरोबर" ऐकायचं, मगच औषधाला हात लावायचा. जमेल तेव्हा दुसऱ्या सिस्टरला फोनवर ऐकायला लाव आणि तिचंही नाव लिही. सकाळच्या राउंडला पहिलं काम त्या ओळीखाली सरांची सही.

आकड्यांना फार जपा. इंग्रजी फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "एक-पाच" की "पाच-शून्य" असं सुटं विचारायचं. इन्सुलिन लिहिताना 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम यांचा डोस जरा जरी वेगळा वाटला तरी परत फोन करायचा. सर ओरडले तर ओरडू देत.

याला कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून झाल्यास ती दोन वर्षांपर्यंत. पण त्या व्याख्येत वैद्यकीय नोंदवहीतले डॉक्टर येतात, नर्स येत नाही. म्हणजे एकाच प्रसंगात तुला जास्त शिक्षेची तरतूद. मला हे अन्यायाचं वाटतं आणि नर्सेसच्या संघटनांनी यावर बोललं पाहिजे. तोवर आपल्याला वाचवणारी गोष्ट म्हणजे वेळेवर केलेली खरी नोंद. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर नको, मागाहून पान बदलणं तर मुळीच नको. कुणी सांगितलं तरी.

प्रश्न : मी निपाणीची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) कोल्हापुरात केलं, नोंदणी महाराष्ट्राची आहे. बेळगावात नोकरी मिळतेय. मालक म्हणतात, चालतं.

उत्तर : चालत नाही. मान्यताप्राप्त कॉलेजची पात्रता देशभर धरली जाते, पण काम करायचं त्या राज्याच्या नोंदवहीत नाव हवं. महाराष्ट्र परिषदेकडून ना-हरकत घे आणि कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेकडे अर्ज कर. काही बिघडलं तर मालक हात वर करतील आणि पहिला प्रश्न तुझ्या नोंदणी क्रमांकाचा निघेल. कागद हातात पडल्यावरच रुजू हो, आणि रुजू होताना त्याची प्रत देऊन पोच घे.