वाचकांचे प्रश्न: स्कॉटच्या तुकडीतला मुंबईच्या मरीनमधला ऑफिसर

प्रश्न: कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेलेल्यांत एक जण हिंदुस्थानातल्या आरमारातला होता असं ऐकलं, खरंय का? आणि इकडच्या उकाड्यात राहिलेला माणूस तिकडे टिकला कसा?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: अगदी खरं. त्याचं नाव हेन्री बॉवर्स, जन्म १८८३, मूळचा स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा. १९०५ मध्ये तो रॉयल इंडियन मरीनमध्ये लागला, मुख्य ठाणं मुंबई, आणि याच मरीनची १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही झाली. ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवर बोटी चालवल्या, इराणच्या आखातात बंदुकांची चोरटी आयात पकडली, म्हणजे सगळी नोकरी घामाघूम करणारी, आणि बर्फाचा अनुभव शून्य!

पण थंडी त्याला बाधायचीच नाही. १९११ च्या हिवाळ्यात तो आणि तुकडीतले त्याचे दोन सोबती, विल्सन आणि चेरी-गॅरार्ड, एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले, पाच आठवडे, जवळजवळ पूर्ण काळोख, पारा उणे ६० सेल्सिअसपर्यंत गेलेला, चेरी रात्रभर कुडकुडायचा म्हणून बॉवर्स स्वतःची न वापरलेली पिसांची झोपायची पिशवी त्याला घे घे म्हणून मागे लागायचा, शेवटी त्याने ती घेतली. मला विचाराल तर हा माणूस कळायला एवढी एक गोष्ट पुरे आहे.

ध्रुवाच्या शेवटच्या टप्प्यासाठी स्कॉटने ऐनवेळी चाराचे पाच केले, पाचवा बॉवर्स. आता गंमत नाही, तंबू चौघांचा, शिधा चौघांच्या हिशोबाने बांधलेला, आणि बॉवर्सच्या स्की तर तीन-चार दिवस आधीच हुकमाप्रमाणे मागे ठेवलेल्या, त्यामुळे बाकीचे स्कीवर आणि हा चालत! तिथून ध्रुव पावणेतीनशे किलोमीटर. स्कॉटचा हा निर्णय मला तरी कधीच पटलेला नाही. १६ जानेवारी १९१२ ला पुढे काळा ठिपका आधी दिसला तोही बॉवर्सलाच, तो आधीच ध्रुवावर पोचलेल्या नॉर्वेच्या अ‍ॅमुंडसेनचा झेंडा निघाला.

परतताना पाचांपैकी दोघे वाटेतच गेले, आणि वन टन डेपो, म्हणजे वाटेवर ठेवलेला शिध्याचा साठा, जेमतेम २० किलोमीटरवर असताना वादळात तंबूतच स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स गेले. बॉवर्स २८ वर्षांचा होता. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, त्यात फोटोच्या फिल्मही होत्या. ध्रुवावरचा पाच जणांचा फोटो मिळाला तर मोठा करून बघा, खाली बसलेल्या बॉवर्सच्या हातात दोरी आहे, ती ओढूनच त्याने तो फोटो काढला.