स्वतः बसवलेला सरकता दरवाजा आपोआप उघडतो आणि खाली घासतो. पल्ला तासू का?

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. दरवाजा बंद केला की हळूच अर्धा उघडतो, एका कोपऱ्यात जमिनीला घासतो आणि वरच्या रुळाचा एका टोकाचा स्क्रू भिंतीतून डोकावू लागलाय. आणि विचारलंय की पल्ला खालून तासून घेऊ का.

नको. रंधा आधी माळ्यावर टाका. मी नेमका हाच शहाणपणा केला होता. खालून 6 मिमी तासलं, दोन आठवडे दरवाजा लोण्यासारखा चालला, मग पुन्हा घासायला लागला. पल्ला लांब नव्हताच, रूळ खाली येत होता. रूळ जागेवर नेल्यावर खाली बोटभर फट उरली आणि तासलेल्या कडेला लाकडी पट्टी चिकटवून लाज झाकावी लागली.

तुमच्या तिन्ही तक्रारी मला एकाच दुखण्याच्या वाटतात. स्क्रू सैल झाला, रूळ त्या टोकाला खाली आला, पल्ला उताराकडे धावतो आणि तिकडचाच कोपरा टेकतो. फक्त एवढं बघा, घासणारा कोपरा सैल स्क्रूच्याच बाजूचा आहे ना? तसा नसेल तर त्या कोपऱ्यावरच्या हँगरचा, म्हणजे पल्ला रुळावर लटकवणाऱ्या चाकाच्या जोडणीचा, बोल्ट उतरला असेल. ते पान्याने पाच मिनिटांचं काम आहे.

सैल स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि आट्या बघा. माझ्या स्क्रूच्या आट्यांत नुसती करडी भुकटी होती, विटेचा लाल कण जेमतेम टोकाला. मग हिशेब केला. स्क्रू 50 मिमीचा, त्यातले 25 रूळ आणि त्यामागच्या स्पेसरमध्ये (रूळ भिंतीपासून पुढे ठेवणारा ठोकळा) गेले, 15 प्लास्टरमध्ये, म्हणजे विटेत शिरले जेमतेम 10. आणि लटकतंय काय, तर 900 बाय 2100 चा, 30 मिमी जाडीचा भरीव पल्ला, म्हणजे पस्तीसेक किलो. त्यात पल्ला भिंतीपासून थोडा पुढे लटकत असल्यामुळे तो स्क्रूला नुसता खाली दाबत नाही, बाहेरही खेचतो. प्लास्टर असली ओढ सहन करत नाही.

सगळ्यांची गाडी अडते ती पुढे. जुनं भोक ढिलं झालंय आणि नवं त्याच्या शेजारी 5 मिमीवर पाडायचंय. ड्रिलचं टोक घसरून जुन्यातच जातं. दोनदा प्रयत्न करा, भिंतीला खड्डा पडेल. गिट्टीभोवती (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती खुंटी) काड्या कोंबून बसवायचा उपाय लोक सांगतात. फोटोफ्रेमला ठीक आहे, पस्तीस किलोला नाही.

मी भिंतीवर आधी एक फळी बसवली. रुळाएवढी लांब, 100 मिमी रुंद, 25 मिमी जाड, चांगली वाळलेली, सरळ. रुळाची भोकं फळीवर आखून घेतली, बोल्ट फळीच्या मागून घातले आणि त्यांची डोकी बुडतील एवढ्या खाचा पटाशीने केल्या, म्हणजे रूळ पुढून नटने आवळता येतो. मग फळी भिंतीला अँकर फास्टनरने (आवळल्यावर भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट), जुन्या भोकांपासून चांगली दूर. ड्रिल सांध्यात नको, विटेत जाऊ द्या, आणि वीट पोकळ असेल तर तिच्यासाठीचे वेगळे फास्टनर घ्या. भोकातली भुकटी फुंकून नीट साफ करा. ती आत राहिली तर फास्टनरची पकड बसत नाही. आणि त्या पट्ट्यातून विजेची वायर जात नाही ना, हे ड्रिल लावण्याआधी बघा.

फळीमुळे पल्ला 25 मिमी पुढे येतो. माझ्याकडे तो फायदाच झाला, आधी चौकटीची पट्टी पल्ल्याला खरवडत होती, ते थांबलं. पण कडेची फट वाढली, रात्री पलीकडचा उजेड पूर्वीपेक्षा जास्त येतो. पल्ल्याची खालची कड सरळ रेषेत धरणारं जमिनीवरचं गाइडही तेवढंच पुढे न्यावं लागतं. ते विसरलात तर पल्ला तिरका लटकेल आणि तुम्ही पुन्हा रुळालाच दोष द्याल.

फळी आवळण्याआधी पाणसळ लावा. जमिनीपासून माप घेऊन रेघ मारू नका, माझी चूक तिथेच झाली होती. जमीनच 5 मिमी उतरती होती, आणि मी तो उतार इमानेइतबारे वर चढवला. पाणसळीवरही आंधळा विश्वास नको. एकदा बुडबुडा बघा, मग ती त्याच जागी डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून परत बघा. बुडबुडा दुसरीकडे गेला तर पाणसळच खोटी. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवणं सगळ्यात भरवशाचं.

पल्ला चढवायला दुसरा माणूस हवाच. जमिनीपासून 8 ते 10 मिमी अंतर ठेवून हँगरचे बोल्ट जुळवा, लॉकनट आवळा. गाइडमध्ये पल्ल्याला दोनेक मिमी मोकळीक राहू द्या. दोन्ही टोकांचे स्टॉपर सगळ्यात शेवटी, पल्ला हाताने सरकवून कुठे थांबायला हवा ते बघून. पल्ल्याच्या एकाच बाजूला रंग किंवा सनमायका लावला असेल तर दुसरी बाजूही उरका, नाहीतर दमट हवेत तो धनुष्यासारखा वाकतो.

रुळात तेल घालू का, हेही तुम्ही विचारलंय. घालू नका. मी शिलाई मशीनचं तेल घातलं होतं, महिन्याभरात त्यावर धूळ बसून काळा लगदा झाला आणि चाकं करकरायला लागली. कोरड्या फडक्याने रूळ पुसा, फार तर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा मारा.